एका उंटावर दोघी

आमच्या महिला मंडळाची वही लिहायचं काम माझ्याकडे आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मंडळात दोघी कॉलेज शिकलेल्या आहेत, एक शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीणबाई आहे, तरी वही माझ्याकडे, कारण अक्षर माझं चांगलं आहे. चारचौघींत बोलायची वेळ आली की मला घाम फुटतो. लिहायला सांगितलं की हात आपोआप चालतो. त्याच हातानं या वर्षी मी त्या वहीत जे लिहिलं, ते मला कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते आहे.

हे अक्षर मला माझ्या मोठ्या जावेनं दिलं. सासरे नागपूरच्या कचेरीबरोबर भोपाळला आलेले, मग मुलंही इथल्याच सरकारी नोकरीत. मी वर्ध्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा सही करताना माझी अक्षरं रेषेवरून घसरायची. जाऊबाई दुपारची भांडी झाली की मला ओट्याशेजारी बसवायच्या. सासऱ्यांनी कचेरीतून आणलेले रद्द फॉर्म घरात असत, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी रोज एक पान लिहायचं. काय लिहायचं सुचलं नाही तर डब्यांवरची नावं लिही म्हणायच्या. हळद, मोहरी, तूरडाळ, हळद, मोहरी, तूरडाळ. दोन वर्षांत माझं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं झालं. त्यांनी ते सगळ्या कॉलनीला सांगितलं.

दीर लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. जाऊबाई आमच्याबरोबरच राहिल्या. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच मांडीवर वाढली. मंडळात सगळ्यांना त्या हव्या असतात, त्या आल्या की बायका सरकून जागा करतात. मला बायका 'त्यांची जाऊ' म्हणूनच ओळखतात. याचं मला कधी वाईट वाटलं नाही, असं मी आजवर समजत होते.

जाऊबाईंची एक गोष्ट घरात फक्त मला माहीत होती. पिशवीचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लघवी धरवत नाही. हसल्या, खोकल्या, बादली उचलली की थोडी होते. जुन्या सुती साडीची फडकी कापून त्या वापरतात, आणि ती धुऊन वाळत घालायचं काम माझं. मागच्या व्हरांड्यात दोरी आहे. आधी दोरीवर फडकी टाकायची, मग त्यांच्यावरून माझी साडी पसरायची, काठ खाली येईल अशी. वाऱ्यानं साडी उडू नये म्हणून चार चिमटे. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. घरातल्या पुरुषांना, सुनेला, कुणालाही कधी कळलं नाही. आम्ही दोघीही त्याबद्दल कधी बोललो नाही. मी फडकी वाळवते हे त्यांना ठाऊक होतं, तेवढंच.

मंडळाची दर वर्षी एक सहल असते. उज्जैन झालं, ओंकारेश्वर दोनदा झालं, एकदा शेगावलाही जाऊन आलो. या वर्षी गणपती झाल्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या, यंदा जिथं देऊळ नाही अशा ठिकाणी जाऊ. त्यांच्या सुनेनं मोबाईलवर दाखवलं होतं. जैसलमेरला जायचं, तिथून पुढं जीपनं, मग उंटावर बसून दोन तास वाळूतून, आणि रात्री तंबूत मुक्काम. सकाळी पुन्हा उंटावरून परत. बायका आधी हसल्या. मग गुडघ्यांचा विषय निघाला. मग इंदूरच्या वहिनी म्हणाल्या, "गुडघे उंटाला वाकवायचेत, आपल्याला थोडेच?" आणि सहल ठरली.

इंदूरच्या वहिनी, म्हणजे माहेर इंदूरचं, आमच्या मंडळातल्या सगळ्यात बोलक्या. आधी आमच्याच लायनीत राहायच्या, आता भोपाळातच साकेत नगरला मुलाकडे असतात, पण मंडळाचा मंगळवार चुकवत नाहीत.

जाऊबाई त्या दिवशी घरी येताना पायऱ्या दोन-दोन चढल्या. मला म्हणाल्या, तुला काठेवाडी आठवतात का. आमच्या दोघींची माहेरं विदर्भातलीच. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन काठेवाडी लोक यायचे, गावाबाहेर उतरायचे. त्यांच्या उंटावर उलटी खाट बांधलेली असायची, आणि खाटेच्या पायांमध्ये कोकरं, कोंबड्या, तान्ही मुलं. जाऊबाई लहानपणी त्या खाटेकडे बघत रस्त्याच्या कडेला तासभर उभ्या राहायच्या. तिथून आपलं गाव कसं दिसत असेल, असं त्यांना वाटायचं. एकदा एका काठेवाडी बाईनं त्यांना वर घेते म्हणून हात पुढं केला, तेवढ्यात आईनं मागून दंडाला धरून ओढलं. पासष्ट वर्षांच्या झाल्या तरी तो दंड त्यांनी मला दाखवला, इथं धरलं होतं म्हणून.

तयारी सुरू झाली. वहीत मी पानं आखली. दशम्या कुणी करायच्या, तिळाची चटणी कुणी, लाडू कुणी, शेव अर्थातच इंदूरची. साडी नेसून उंटावर बसता येणार नाही म्हणून सगळ्यांनी सलवार-कुडते शिवायला टाकले. त्यातल्या चौघी जन्मात पहिल्यांदा सलवार घालणार होत्या. मीही. मास्तरीणबाईंनी उंटवाल्याला फोन लावून स्पीकर सुरू केला. तो हिंदीत म्हणाला की आठजणी असाल तर चार उंट, एका उंटावर दोघी, तेव्हा जोड्या आताच ठरवा. शिवाय प्रत्येकीचं नाव, वय, वजन आणि तब्येतीची काही तक्रार असेल तर ती लिहून पाठवा. वाळूत संडास नसतो, हेही त्यानं सांगितलं. यावर कुणी काही विचारलं नाही. वहिनी म्हणाल्या, शेतात गेलेल्या बायका आपण, आणि सगळ्या हसल्या. जाऊबाईही हसल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

जोड्या लावायला वेळ लागला नाही. आम्ही दोघी जावा एका उंटावर, हे कुणी ठरवलंसुद्धा नाही, धरूनच चाललं.

मग वहिनींनी रंगीत तालीम काढली. आमच्याच घरी, बैठकीतल्या तख्तावर गादीची वळकटी आडवी ठेवली आणि जोडीजोडीनं त्यावर पाय टाकून बसायचं. उंट उठताना आधी मागून उठतो, मग पुढून, म्हणजे आपण आधी पुढं कलतो आणि मग मागं, असं मास्तरीणबाई मोबाईलवरून वाचून सांगत होत्या. आमची पाळी आली. पुढं जाऊबाई, मागं मी, माझे हात त्यांच्या कमरेला. वहिनींनी वळकटी मागून उचलली. जाऊबाई पुढं झुकल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांची पाठ माझ्या छातीवर हलत होती. आणि मला मांडीखाली ओल लागली.

त्यांचं हसू लगेच थांबलं. उतरताना त्यांनी वळकटी फिरवून ओली बाजू भिंतीकडे केली, आणि मी पदर पुढं ओढून साडीवरचा डाग झाकला. कुणाच्या लक्षात आलं नाही. बायका गेल्यावर जाऊबाईंनी गादीचा अभ्रा स्वतः धुतला. मी धुते म्हटलं तर नको म्हणाल्या. एवढंच.

पण मला त्यानंतर ते दोन तास दिसायला लागले. उंटावर मी मागं, त्या पुढं, माझी नवी सलवार, आणि उतरल्यावर सगळ्यांसमोर उभं राहायचं. तिथं भिंत नाही, फिरवायला वळकटी नाही. डाग कुणाचा, हे कुणाला कळणार? बायका माझ्याकडेही बघतील. इतकी वर्षं मी ज्यांची फडकी आपल्या साडीखाली झाकली, त्यांची मला दोन दिवस किळस आली. त्यांनी वाढलेला भात खाताना आली. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण आली हे खरं.

तक्रारींचं पान भरायची वेळ आली. मला सगळ्यांची दुखणी पाठ होती. मास्तरीणबाई, साखर. वहिनी, रक्तदाब; वजनाच्या जागी त्यांनी 'उंटाला विचारा' असं लिहायला लावलं होतं. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर. माझ्या नावापुढं मी 'काही नाही' लिहिलं. जाऊबाईंच्या नावापाशी आले. त्यांनाही मी 'काही नाही' लिहू शकत होते. त्यांनी मला काही लिहायला सांगितलं नव्हतं. मी लिहिलं, 'लघवी धरवत नाही.'

मी स्वतःला सांगितलं की उंटवाल्यानं विचारलंय, खरं ते लिहावं, त्यांच्याच भल्यासाठी. हे तोंडानं सांगायची माझी सात जन्मांत हिंमत झाली नसती. वहीत मात्र ती ओळ इतकी सरळ आली, एकही अक्षर रेषेखाली गेलं नाही.

आमच्या मंडळात वही फिरते. पूर्वी सगळ्या एकाच लायनीत राहत होतो तेव्हा ती या दारातून त्या दारात जायची. हळदीकुंकू कुणाकडे, वर्गणी काय, कुणाला काय सुचवायचं, ते प्रत्येकीनं वाचून सही करायची. आता सगळ्यांकडे मोबाईल आहेत, ग्रुपही आहे, काही घरं पाडली गेली, बायका लांब गेल्या, तरी मास्तरीणबाईंचा आग्रह की वही फिरायलाच हवी. एकीची सून दुसरीकडे पोचवते, कुणी बसनं साकेत नगरपर्यंत नेऊन देतं. वही माझ्या घरून निघते आणि सगळ्यांत शेवटी माझ्याच घरी येते. म्हणजे जाऊबाईंची सही नेहमीच शेवटची असते. हे मला लिहिताना माहीत होतं.

आठ दिवसांनी वही आली. जाऊबाईंच्या ओळीपुढं समासात मास्तरीणबाईंचं अक्षर होतं: 'यांनी या वेळी राहू द्यावं असं वाटतं. त्यांनाच त्रास होईल.' खाली दुसरीचं, 'बरोबर आहे.' मग तिसरीचं. वहिनींनीही लिहिलं होतं, 'मलाही तसंच वाटतं.' सगळ्यांनी प्रेमानं लिहिलं होतं. सहाही सह्या होत्या.

मी वही लपवू शकले असते. लपवली नाही, कारण वहीची वाट त्याच बघत होत्या. जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी चष्मा लावला आणि पान वाचलं. वरपासून वाचत गेल्या, वहिनींच्या वजनाशी किंचित हसल्या, मग आपल्या नावाशी आल्या. मी कुकरपाशी उभी होते, कुकर थंड होता. मग म्हणाल्या,

"अक्षर छान आलंय तुझं."

त्यांनी पट्टी मागितली. मी दिली. पट्टी लावून त्यांनी आपल्या नावावर एक सरळ रेघ मारली, खाली सही केली आणि चण्याची डाळ भिजत घालायला उठल्या. त्या दिवसापासून फडकी त्याच धुऊन, त्याच वाळत घालू लागल्या. न्हाणीघराच्या आत, खिळ्याला. दोरीवर नाही.

उंटाचा विषय घरात निघाला नाही. शिंप्याकडून सलवार-कुडते आले. जाऊबाईंनी आपला जोड घडी न मोडता पेटीत ठेवला. मला वाटायचं, त्यांनी मला बोलावं, चांगलं फैलावर घ्यावं. त्या माझ्या ताटात नेहमीसारखं तूप घालत राहिल्या.

चार-पाच दिवसांनी जाऊबाई भाजी आणायला गेल्या असताना इंदूरच्या वहिनी आल्या. एकट्या. मी चहा टाकला तर माझ्यामागं स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं. त्यांना विचारायचं होतं की जाऊबाई काय वापरतात. मला आधी कळलंच नाही. मग त्या ओट्याकडे बघत म्हणाल्या, "मलाही होतं ते. दोन वर्षं झाली. मुलाला काय सांगू, सुनेला काय सांगू? तुझी ओळ वाचली आणि वाटलं, आता माझंही कळणार. म्हणून झटकन सही केली."

इतकं बोलणारी बाई, पण एवढं सांगताना त्यांचा आवाज माझ्यासारखा झाला होता. मी त्यांना फडकी कशी कापायची ते दाखवलं. जाताना त्यांनी माझ्याकडून कुणाला न सांगण्याची शपथ घेतली.

त्या गेल्यावर मी वही काढली. ते पान फाडलं. नवीन पान आखून सगळ्यांची नावं पुन्हा लिहिली. जाऊबाईंचंही लिहिलं, त्यांच्या नावापुढं पहिलीच ओळ ठेवली. ती आता खोडून काय उपयोग होता. आणि माझ्या नावापुढं, जिथं 'काही नाही' होतं, तिथं मी तेच लिहिलं: 'लघवी धरवत नाही.' मला तसं काही नाही. शिंकतानासुद्धा नाही. पण दुसरं काही मला सुचलं नाही. पान खराब झालं म्हणून पुन्हा लिहिलंय, अशी चिठ्ठी लावून वही धाडून दिली.

या वेळी समासात कुणी काही लिहिलं नाही. वहिनींच्या ओळीत रक्तदाबाच्या पुढं त्यांनी स्वतः लहान अक्षरात लिहिलं होतं, 'आणि वरचंच.' मास्तरीणबाईंनी आपल्या ओळीत काही घातलं नाही, पण उंटवाल्याला त्यांनीच फोन केला. मंगळवारी सगळ्यांसमोर, स्पीकरवर. घसा साफ करून त्यांनी विचारलं की तंबूला न्हाणीघर असलेलं काही मिळेल का, आणि उंट मध्येच दोनदा थांबवता येईल का. तो म्हणाला, "मैडम, पहले बोलना था ना. सबको लगता है." दोन मिनिटांत काम झालं. कुणी हसलं नाही. मग सगळ्या एकदम दशम्यांबद्दल बोलू लागल्या. जाऊबाई त्या मंगळवारी आल्या नव्हत्या.

वही शेवटी त्यांच्याकडे आली. त्यांनी चष्मा लावला. आपलं नाव वाचलं, मग माझं. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसल्या. मग उठून आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात त्यांची फिकट जांभळी सुती साडी होती, धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली, दिरांनी घेतलेली. ती साडी त्यांनी स्वतःसाठी कधी फाडली नव्हती. माझ्यासमोर जमिनीवर बसून त्यांनी कात्री घातली.

"बाई, ती नका फाडू," मी म्हणाले.

"नवीन कापड टोचतं," त्या म्हणाल्या. "वेडे, किती दिवस एकटी सोसत होतीस? आणि मी इकडे मनात धरून बसले, की हिनं माझी लाज काढली. तू तर तुझं सांगायला वाट शोधत होतीस. आधी माझं लिहून पाहिलंस, लोक काय म्हणतात ते. हो ना?"

तेव्हा मला सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी जे दिसत होतं, ते माझ्या एका शब्दानं गेलं असतं. त्यांना पुन्हा कळलं असतं की मी ते कशासाठी लिहिलं होतं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

त्यांनी आठ फडकी कापली, कडा दुमडून हातशिलाई घातली. दोन दुपारी त्या शिवत होत्या. मग वही ओढून सही केली, आणि उंटांच्या जोड्यांच्या पानावर आमच्या दोघींची नावं स्वतःच्या हातानं लिहिली. पुढं त्या, मागं मी. त्यांचं अक्षर आता थोडं थरथरतं.

आम्ही कार्तिकी पौर्णिमेनंतर निघणार आहोत. पेटीतला सलवार-कुडता बाहेर आला आहे. सुनेकडून त्या मोबाईलवर उंट बघून घेतात, उंट बसतो कसा, उठतो कसा, आणि मला बोलावून दाखवतात. परवा म्हणाल्या, वर बसल्यावर मी पहिल्यांदा मागं वळून बघणार, किती लांब दिसतं ते. तूही बघ.

खिळा मोकळा झाला आहे. फडकी पुन्हा मागच्या दोरीवर आली आहेत, त्यांची आणि माझी. माझ्या फडक्यांवर त्यांचं लक्ष असतं, रोज बदलतेस ना म्हणून विचारतात. म्हणून सकाळी सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की मी न्हाणीघराचं दार लावते, दोन कोरी जांभळी फडकी नळाखाली धरते, साबण लावते, पिळते आणि दोरीवर टाकते. मागोमाग जाऊबाई येतात, त्यांच्यावरून आपली साडी पसरतात, आणि चारही चिमटे नीट लावून जातात.